कोवळे चेहरे, नागपूरचं ऊन

गेल्या अंकात आपण स्टुडिओबाहेर काढायच्या पोर्ट्रेटबद्दल प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं दोन प्रकारच्या लोकांची आहेत: शाळा-कॉलेजच्या मुलामुलींचे फोटो काढणारे नवे छायाचित्रकार आणि त्याच मुलांचे आईबाप. दोघांची तक्रार एकाच जागी येऊन थांबते, ती म्हणजे फोटोतलं पोर आपलं वाटत नाही. म्हणून या वेळची उत्तरं त्याच अंगानं दिली आहेत. मी धरमपेठेत स्टुडिओ चालवते, पण माझं बरंचसं काम झाडाखाली आणि तलावाकाठी होतं. त्यामुळे खालच्या जागा, वेळा आणि उन्हाचे आकडे नागपूरचे आहेत. बाहेरगावच्या वाचकांनी आपल्या गावचं ऊन बघून थोडं मागेपुढे करून घ्यावं.

प्रश्न : मी कॉलेजच्या मुलामुलींचे आउटडोअर शूट करून राहिलो आहे. त्यांना वेळ मिळतो तो सकाळी अकरा ते एक. अंबाझरी तलावाकाठी नेतो. फोटोत डोळ्यांखाली काळं येतं, कपाळ पांढरं फटक पडतं आणि हनुवटीखाली हिरवट दिसतं. मग रात्रभर फोटोशॉपमध्ये बसावं लागतं आणि तरी चेहरा प्लास्टिकचा वाटतो. चांगलं स्किन प्लगइन कोणतं? — एक वाचक, मानेवाडा

दादा, प्लगइनचे पैसे वाचवा आणि चेहऱ्यावर उजेड परतवायला पांढऱ्या थर्माकोलची एक मोठी शीट घ्या. तुम्ही सांगितलेले तिन्ही दोष उन्हानं केलेले आहेत, ते सॉफ्टवेअरच्या दारात नेऊ नका.

आधी वेळेचं बघू. नागपूर ७९ अंश रेखांशाच्या जवळ आहे आणि आपलं घड्याळ चालतं त्याच्या पूर्वेला असलेल्या ८२.५ अंशांवरच्या वेळेनं. त्यामुळे सूर्य इथे माथ्याशी येतो तो साधारण सव्वाबाराला, ऋतूप्रमाणे काही मिनिटं अलीकडे-पलीकडे. म्हणजे तुमचं अकरा ते एक ही भर मध्यान्ह झाली. मे महिन्याच्या अखेरीस तर सूर्य अगदी डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या बुडाशी गोळा होते. अशा उन्हात भुवईच्या हाडाची सावली थेट डोळ्यांच्या खोबणीत पडते. ती वर्तुळं नव्हेत, निव्वळ सावली आहे. विशीतल्या पोरीच्या डोळ्यांखालची सावली तुम्ही रात्री हीलिंग ब्रशनं पुसत बसता आणि तिच्याबरोबर पापणीखालचा गोलावाही पुसला जातो. चेहऱ्याचं प्लास्टिक होणं तिथूनच सुरू होतं.

डिसेंबरची गोष्ट निराळी आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच चढतो, आणि चार वाजता तो वीस अंशांच्याही खाली असतो. नागपूरच्या छायाचित्रकारासाठी ते दिवस म्हणजे पर्वणी. साधारण पाच पस्तीसला सूर्य मावळतो, म्हणून चारला मुलांना जागेवर उभं करा. उलट मे महिन्यात सकाळी सहा ते साडेसात किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर, एवढंच. पारा ४५ अंशांवर गेलेला असताना पोरांना उन्हात उभं करण्यात कसलीही कला नाही. त्यांचे डोळे किलकिले होतात, ओठ सुकतात आणि ते सगळं फोटोत उतरतं.

पण तुम्हाला अकरा ते एकच मिळतं असं धरू. मग अंबाझरीची मोकळी हिरवळ सोडा आणि सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या झाडांचे रस्ते किंवा सेमिनरी हिल्स गाठा. तिथेही ऐन झाडाखाली उभं करू नका. पानांतून गळणारे उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर पडले की त्यांच्याइतकं रिटचिंगला वाईट दुसरं काही नाही, कारण प्रत्येक कवडशाचा रंगही वेगळा आणि उजेडही वेगळा. सावलीची कड शोधा. कडेपासून दोन पावलं आत, तोंड मोकळ्या आभाळाकडे. मी तिथे आधी स्वतःचा तळहात चेहऱ्याच्या उंचीला धरते आणि जागेवर हळूहळू गोल फिरते. कुठल्या दिशेला तळव्यावरच्या रेषा मऊ दिसतात आणि कुठे त्या खणल्यासारख्या दिसतात, हे लगेच कळतं. मऊ दिसतील तिकडे मुलीचं तोंड. महाल भागातल्या एखाद्या जुन्या घराची ओसरी मिळाली तर आणखीच उत्तम, कारण वरचं छत माथ्यावरचा उजेड अडवतं आणि समोरचा तेवढा आत येऊ देतं.

हिरवटपणा येतो तो गवतावरून उसळलेल्या उजेडातून. फ्रेमच्या खाली गवतावर पांढरी चादर अंथरा, तो तिथल्या तिथे जाईल. चादर नसेल तर मुरमाच्या वाटेवर उभं करा. मुरमाची लालसर जमीन हनुवटीखाली जो उजेड टाकते, तो आपल्या कातडीला फार शोभतो. थर्माकोल छातीच्या उंचीला, थोडा वर झुकवून धरायला एका मैत्रिणीला सांगा. डोळ्यांत पांढरा ठिपका चमकला की समजा बसला. सावलीत आकाशाचा निळा उजेड जास्त असतो, त्यामुळे व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचा रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवर न ठेवता ७००० केल्व्हिनच्या आसपास आणा, किंवा पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंग जुळवायचं राखाडी कार्ड) धरायला लावा आणि फाइल रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या रूपात घ्या.

कपाळाचं कारण म्हणजे घाम आणि तेल. टिश्यू पेपरनं टिपून घ्या. पावडर नको, फ्लॅशच्या उजेडात ती राखाडी दिसते. आणि एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, चेहऱ्यावर मोजा. मागे उजळ आभाळ असलं की कॅमेरा सगळी फ्रेम मध्यम करायला जातो आणि सावळा चेहरा काळवंडतो. घरी येऊन तुम्ही तो उचलता, तेव्हा रंगाऐवजी राखाडीपणा आणि दाणे वर येतात. पुष्कळांना वाटतं की सावळ्या कातडीचा फोटोच नीट येत नाही. येतो, आणि देखणा येतो. फक्त कॅमेऱ्यात पुरेसा उजेड घ्यावा लागतो आणि कपाळ-गालावरची चमक थोडी शिल्लक ठेवावी लागते.

नागपूरच्या मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघा. गाडीवर जाताना डोक्याला-तोंडाला दुपट्टा घट्ट बांधलेला असतो. त्यामुळे कपाळ आणि गाल उजळ राहतात, डोळ्यांभोवतीचा पट्टा उन्हानं रापतो आणि नाकाच्या दांड्यावर दुपट्ट्याची बारीक वळ उठलेली असते. मुलगी आल्या आल्या मी दुपट्टा सोडायला लावते आणि अर्धा तास नुसत्या गप्पा मारते, वळ आपोआप उतरते. रापलेला पट्टा मात्र रिटचिंगमध्येच घ्यावा लागतो. तो 'उजळ' करू नका, कडा तेवढी विरवा. फोटोशॉपमध्ये दोन कर्व्ह्ज लेयर (उजेड कमी-जास्त करणारे थर) घ्या, एक उजळणारा, एक गडद करणारा, दोन्हींचे मास्क काळे, म्हणजे परिणाम आधी झाकलेला, आणि तो उघडणाऱ्या पांढऱ्या मऊ ब्रशचा फ्लो (जोर) दोन-तीन टक्के. रापलेल्या भागाची कडा किंचित उचला आणि कपाळाची कडा किंचित उतरवा. दोन्ही बाजूंनी थोडंथोडं आलं की मधला रंग मुलीचाच राहतो.

मुरूम-डागांसाठी वेगळा रिकामा लेयर, हीलिंग ब्रश, सॅम्पल 'करंट अँड बिलो'वर. ब्रश डागापेक्षा जेमतेम मोठा. फ्रीक्वेन्सी सेपरेशन (कातडीचा पोत आणि रंग वेगळे करून सुधारणं) तुम्ही शिकला असाल, पण अठरा-वीस वर्षांच्या कातडीला ते बहुतेक वेळा लागतच नाही. जिथे तिथे ब्लर फिरवला की छिद्रं जातात, आणि छिद्रं गेली की माणूस जातो. काम करताना शंभर टक्के झूम ठीक आहे, पण दर थोड्या वेळानं फोटो छापील आकाराला आणून बघा. त्या आकाराला जे दिसत नाही, त्यावर हात फिरवू नका. एका फोटोवर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त जात असतील, तर पुढच्या शूटला जागा बदला.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. निरोप समारंभाला साडी नेसून मैत्रिणींबरोबर बागेत फोटो काढून घेतले. आलेल्या फोटोंत मुरूम गेले ते ठीक, पण रंग पार उजळ केलेला, नाक बारीक आणि ओठावरचा तीळ गायब. मला ते बघवेना. तिला मात्र आवडले, आणि आता विचारते की आरशात मी अशी का दिसत नाही. तिच्याशी काय बोलू? — एक आई, त्रिमूर्ती नगर

ताई, तुमच्या पत्रातला तिचा प्रश्न मला फार लागला. पंधरा वर्षांच्या मुलीला हा प्रश्न पडावा असं काम आमच्या धंद्यात होतं, याचा मला राग येतो.

आधी त्या छायाचित्रकाराशी बोला. भांडू नका, फक्त सांगा की रंग, नाक आणि तीळ मूळचे ठेवून पुन्हा फाइल द्या. मूळ रॉ त्यांच्याकडे असेल तर हे थोड्या वेळाचं काम आहे. नवे प्रिंट आले की घरात तेच लावा.

माझ्या कामाचा नियम सरळ आहे. जे पंधरा दिवसांनी चेहऱ्यावर नसेल ते काढायचं, जे पुढच्या वर्षीही असेल ते ठेवायचं. मुरूम काढते, कारण ते या वयात येतात आणि जातात. ओठ फुटलेले असतील, डोळे जागरणानं लाल असतील, तेही नीट करते. तीळ, खळी, दातांमधली फट, जन्मखूण, दातांची तार, यांना हात लावत नाही. जखमेचा जुना व्रण असेल तर मुलीला विचारते. ती म्हणाली तरच, तेही पुसत नाही, त्याचा गडदपणा तेवढा कमी करते. आणि अठरा वर्षांखालच्या कुणाचंही नाक, जबडा, कंबर आकार बदलणाऱ्या 'लिक्विफाय'मध्ये नेत नाही. आईबापांनी सांगितलं तरी नाही. यावरून काही कामं गेली आहेत, जाऊ देत.

विचारायचं ते मुलीला. शूटच्या आधी मी आईला बाहेर चहा देते आणि मुलीशी एकटीशी बोलते. "काय काढू?" हा प्रश्न मी पहिला विचारत नाही. पहिला प्रश्न असतो, "कशाला हात लावू नको?" मुली आधी गोंधळतात, कारण हे त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. मग हळूच सांगतात, की माझी खळी, माझे कुरळे केस, भुवईतली ही फट, लहानपणी झोपाळ्यावरून पडले होते. ते मी कागदावर लिहून घेते आणि एडिटिंगला बसताना तो कागद समोर ठेवते.

रंगाचं जरा सविस्तर सांगते, कारण नुकसान तिथे सर्वांत जास्त होतं. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या कातडीचा रंग मुख्यतः 'ऑरेंज' या पट्टीत मोजला जातो. तिचा ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, वर ढकलला की चेहरा गोरा होतो. एका स्लायडरचं काम. बाजारात मिळणारे बरेच 'ब्राइट' प्रीसेट (तयार सेटिंग) आतून हेच करतात, वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. गोष्ट जुनीच आहे. फिल्मच्या काळात रंगीत प्रिंट जुळवायला लॅबमध्ये कोडॅकचं 'शर्ली कार्ड' असायचं आणि त्यावर कित्येक वर्षं गोरीच बाई होती. म्हणजे यंत्रं तिच्या कातडीला नीट दाखवायला शिकली आणि बाकीच्यांनी जमवून घ्यायचं. आता बदलतंय. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चं नाव 'ग्लो अँड लव्हली' झालं. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड करून दाखवलं तर फोटोवर तसं लिहावं लागतं. नॉर्वेत २०२२ पासून जाहिरातीत शरीराचा आकार किंवा कातडी बदलली तर शिक्का लागतो. आपल्या घरच्या अल्बमला असा कुठलाच कायदा लागू होत नाही, म्हणून तिथे आपणच जपायचं.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीनं मोबाइलच्या अॅपमधून गोरा केलेला स्वतःचा फोटो आजीला दाखवला होता. आजी उमरेडकडची. ती म्हणाली, "हे कोनाची पोट्टी होय बाप्पा? आपली तं सावळी हाय." मुलीनं हे मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात दुखावल्यापेक्षा आनंदच जास्त होता, की आजीला मी माहीत आहे.

तुमच्या लेकीला उपदेश करू नका. तिच्याबरोबर संगणकासमोर बसा, कुठल्याही एडिटिंग अॅपमध्ये तिचाच फोटो उघडा आणि स्लायडर तिच्या हातात द्या. पार टोकापर्यंत नेऊ द्या, दोन्ही बाजूंना. मग मैत्रिणीचा फोटो, मग तुमचा. हे बोटानं होतं आणि कुणाचंही होतं, हे तिनं स्वतः करून पाहिलं की आरशाशी तुलना करायचा जोर कमी होतो. माझ्या स्टुडिओत मुली हे करताना खूप हसतात आणि शेवटी आपला मूळ फोटो मागतात. नंतर दोघी मिळून फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातला ब्यूटी मोड बंद करा. पुष्कळ फोनमध्ये तो आधीपासून चालूच असतो. तरीही ती आरशापुढे खूप वेळ उदास राहत असेल, जेवण टाळत असेल, तर मात्र फोटोचा विषय बाजूला ठेवून समुपदेशकाला भेटा.

प्रश्न : कॅमेरा नाही. मोबाइलवरच भाचीचे फोटो काढतो, नाक मोठं येतं. — प्रतापनगर

तुम्ही फार जवळ जाता. फोनची मुख्य लेन्स वाइड असते आणि दोन फुटांवरून काढलं की जे पुढे आहे ते, म्हणजे नाक, फुगतं. सहा-सात फूट मागे जा आणि दोन पट किंवा तीन पट झूमची लेन्स वापरा. पोर्ट्रेट मोडमध्ये केसांच्या कडा आणि कानातले डूल कापले जात नाहीत ना, ते मोठं करून बघा. लेन्स रुमालानं पुसा. निम्मे धुरकट फोटो बोटांच्या तेलानं होतात.

प्रश्न : तान्हा पोळ्याला मुलाला शेतकरी करायचा आहे. वय तीन. दर वर्षी फोटोच्या वेळेलाच रडतो. काय करावं? — एक बाबा, महाल

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा पोळा असतो. मुलं चाकांचा लाकडी नंदी सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेतात. त्याच दिवशी शहरात मारबत (मोठ्या पुतळ्याची मिरवणूक) निघते, म्हणजे तुमच्या महालात सकाळपासून पाय ठेवायला जागा नसते.

फोटो गर्दी सुरू होण्याआधी काढा, आणि मिशी लावण्याआधी काढा. पोरं रडतात ती मिशीच्या गोंदानं आणि फेट्याच्या काचणाऱ्या कडेनं. आधी नुसतं धोतर-बंडी, मग नंदी हातात, फेटा त्यानंतर आणि मिशी अगदी शेवटी. रडला तरी तोवर तुमचे फोटो झालेले असतात. "हस रे, इकडे बघ" असं म्हणू नका. त्याला नंदीला चारा घालायला सांगा, घुंगरू वाजवायला सांगा. तुम्ही जमिनीवर बसा, कॅमेरा नंदीच्या शिंगांच्या उंचीवर. शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान, कारण हातातली दोरी कधी ओढली जाईल सांगता येत नाही.

ते दिवस ढगाळ असतात. लोकांना वाटतं ढगाळ म्हणजे आयता मऊ उजेड. मऊ असतो, पण तोही वरूनच येतो आणि लहान मुलांचे डोळे काळे पडतात. दाराच्या उंबऱ्याशी किंवा ओसरीच्या कडेला बसवा, तोंड रस्त्याकडे. पायाशी पांढरी चादर.

आणि एडिटिंग दुसऱ्याला देणार असाल तर एक निरोप नक्की द्या, की गालावरची तीट पुसायची नाही. काजळाचा तो ठिपका डाग समजून पुसलेले फोटो मी बघितले आहेत. आजीनं दृष्ट लागू नये म्हणून बोटानं लावलेला तो ठिपका म्हणजे त्या दिवसाची खूण आहे. गुडघ्यावरचं खरचटलेलंही राहू द्या. तीन वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यावर खरचटलेलं असणारच.

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या मुलाचे फोटो आम्ही पैसे देऊन काढून घेतले. छायाचित्रकारानं न विचारता ते इन्स्टाग्रामवर टाकले, तेही मुरमांसकट 'आधी' आणि गुळगुळीत 'नंतर' असे शेजारी-शेजारी. वर्गातले पोट्टे त्याला चिडवून राहिले आहेत. छायाचित्रकार म्हणतो फोटो माझे, मी काहीही करीन. — एक वाचक, जरीपटका

तो चुकतो आहे. प्रताधिकार अधिनियम १९५७ च्या कलम १७ मध्ये असं आहे की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक ते काम सांगणारा असतो, जर उलट करार झाला नसेल तर. तुम्ही पैसे दिले, काम तुम्ही सांगितलं. तेव्हा बिलामागे किंवा बुकिंगच्या कागदावर तुम्ही काही वेगळं लिहून सही केली आहे का, ते आधी बघा. केली नसेल तर हक्क तुमच्याकडे आहे. शिवाय डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो; ही तरतूद प्रत्यक्ष लागू झाली आहे का, ते मात्र वकिलाला विचारून घ्या. आधी लेखी कळवा, पोस्ट काढायला मुदत द्या, पोस्टचे स्क्रीनशॉट तारखेसह जपा. ऐकलं नाही तर वकिलाकडे जा.

आता छायाचित्रकारांना. संमतीच्या कागदावर तीन वेगळे चौकोन ठेवा: घरचा अल्बम, माझ्या पानावर प्रसिद्धी, जाहिरात. प्रत्येकापुढे होय-नाही वेगळं. खाली पालकांची सही, आणि मुलगा-मुलगी दहा वर्षांच्या वर असेल तर त्यांचीही घ्या. कायदा मागो न मागो, चेहरा त्यांचा आहे. शाळेचा बिल्ला, घराची पाटी, गाडीचा नंबर फ्रेममध्ये असेल तर तो फोटो बाहेर टाकू नका. आणि अल्पवयीन मुलांचे 'आधी-नंतर' तर कधीच टाकू नका, परवानगी मिळाली तरी. पोराच्या मुरमांवर आपली कला विकायची वेळ कुणावर येऊ नये.

प्रश्न : पोर्ट्रेटसाठी एकच लेन्स घ्यायची तर? — रामटेक

फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर ८५ मिमी, एफ १.८ (एफचा आकडा जेवढा लहान, तेवढं लेन्सचं तोंड जास्त उघडतं). क्रॉप, म्हणजे लहान सेन्सर असेल तर ५० मिमी, एफ १.८, स्वस्त आणि पुरेशी. पण एफ १.८ वर सारखं काढू नका, एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो. एकट्यासाठी एफ २.८, चार-पाच मैत्रिणींसाठी एफ ५.६.

प्रश्न : काटोल रस्त्याला आमचं शेत आहे. बांधावर पळस आहेत. बहिणीचे फोटो पळस फुलल्यावर काढायचे आहेत. गेल्या वर्षी फुलं नुसता केशरी ठिपका आली आणि ते सुधारताना तिचा चेहरा विचित्र झाला. — एक वाचक, काटोल

फार सुंदर जागा आहे, सोडू नका. पळस फुलतो तेव्हा झाडावर पानं जवळजवळ नसतात, म्हणून दुपारी तिथे सावलीची आशा धरू नका. मार्चच्या मध्यावर सूर्य साडेसहाच्या जरा आधी मावळतो. साडेपाचला बांधावर पोचा. सूर्य बहिणीच्या पाठीमागे, थोडा बाजूला, आणि पुढून थर्माकोल. शेजारी संत्र्याची बाग असेल तर तिच्यापासून चार पावलं लांब उभं करा, नाही तर तोच हिरवा उजेड हनुवटीखाली येतो.

फुलांचा ठिपका होतो कारण लाल चॅनल, म्हणजे फोटोतल्या लाल रंगाची नोंद, भरून वाहतो. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम (काळोख-उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, म्हणून फसगत होते. सेटिंगमध्ये तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि लाल उजव्या भिंतीला चिकटला की एक्स्पोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप (उजेड मोजायचं माप) उतरवा. चेहरा थर्माकोलनं वर येईल.

चेहरा विचित्र झाला त्याचंही कारण तिथेच आहे. पळसाचा केशरी आणि आपल्या कातडीचा रंग सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं एकाच 'ऑरेंज' पट्टीत येतात. तुम्ही फुलं दाबायला स्लायडर हलवला आणि बहिणीचा चेहरा त्याबरोबर गेला. आधी चेहरा, गळा, हात यांचा मास्क करा, तो उलटा करा आणि मग फक्त बाकीच्या फ्रेममध्ये केशरी हाताळा. हाताचे तळवे मास्कमधून सुटत नाहीत ना, ते नक्की बघा, बहुतेक वेळा तेच राहून जातात. कपडे पांढरे, मोतिया किंवा गडद हिरवे घालू द्या. लाल साडी त्या झाडाखाली नको.